अळंबीचा अर्क मेंदूच्या पेशी वाचवतो का? पेपर वाचताना कुठे थांबायचं



"औषधी अळंबीचा अर्क मेंदूच्या पेशींचं संरक्षण करतो" हे वाक्य सध्या दोन ठिकाणी हमखास सापडतं. एक म्हणजे संशोधन पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात आणि दुसरं म्हणजे कॅप्सूलच्या डबीवर. पेपरमध्ये "करू शकतो, पुढील अभ्यासाची गरज आहे" असं असतं. डबीवर येईपर्यंत "शकतो" गळून पडतं आणि पुढचा अभ्यास तर कुणाला आठवतही नाही.

साताऱ्या-सांगलीकडून मला गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारलाय. कुणाच्या आजीला विसरायला होतंय, कुणाच्या वडिलांचा हात थरथरतो. घरात कुणीतरी लायन्स मेन किंवा गॅनोडर्माची डबी आणलेली असते आणि तीही बऱ्याचदा पेन्शनच्या पैशातून. म्हणून आज या विषयावरचं संशोधन नेमकं कुठपर्यंत पोचलंय आणि मला ते कुठे कच्चं वाटतं, ते सविस्तर लिहितोय. थोडं तांत्रिक होईल, पण सोपं करून सांगतो.

आधी जे खरं आहे ते

हा विषय भोंदूगिरीतून निघालेला नाही, हे आधी मान्य करू. आपल्या चेतापेशींना जगायला आणि फांद्या फुटायला काही प्रथिनं लागतात. त्यातलं पहिलं सापडलं ते नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ. या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. मग सोपा विचार असा की स्मृतिभ्रंशात पेशी मरतात, तर एनजीएफच द्या ना! पण एनजीएफ हे मोठं प्रथिन. गोळी घेतली तर पोटात पचून जातं, आणि रक्तात टोचलं तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाही.

म्हणून शोध सुरू झाला छोट्या रेणूंचा, जे आत शिरून मेंदूलाच एनजीएफ बनवायला लावतील. जपानमध्ये हिरोकाझू कावागिशी यांच्या गटाने लायन्स मेन, म्हणजे हेरिसियम एरिनेशियस, या अळंबीतून १९९१ मध्ये हेरिसेनोन्स आणि १९९४ मध्ये एरिनासिन्स हे रेणू वेगळे केले. हेरिसेनोन्स फळात, म्हणजे आपण खातो त्या भागात मिळतात. एरिनासिन्स मिळतात मायसेलियममध्ये, म्हणजे बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इथपर्यंत सगळं उत्तम विज्ञान आहे. माझी तक्रार सुरू होते ती यानंतरच्या शेकडो पेपरांपाशी.

बशीतली पेशी आणि जांभळा रंग

या विषयातला ठरलेल्या साच्याचा पेपर असा असतो. अळंबी वाळवायची, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा. बशीत पेशी वाढवायच्या. अर्क घालायचा, मग हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पेशींना मारायचा प्रयत्न करायचा. शेवटी एमटीटी नावाची चाचणी करून किती पेशी जगल्या ते मोजायचं. अर्क दिलेल्या बशीत जास्त जगल्या की लिहायचं: अर्कात चेतासंरक्षक गुणधर्म आहेत.

यात चार ठिकाणी थांबून प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न, या पेशी कुणाच्या? बहुतेक वेळा त्या एसएच-एसवाय५वाय किंवा पीसी१२ असतात. पहिल्या आल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगातून. दुसऱ्या आल्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून, १९७६ मध्ये. दोन्ही कर्कपेशी. त्या विभागत राहतात, आपल्या मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत. समजा अर्काने या पेशींची वाढच थोडी वेगाने झाली, तर शेवटी बशीत पेशी जास्त दिसतील आणि आपण त्याला "संरक्षण" म्हणून मोकळे होऊ.

दुसरा प्रश्न, बचाव नेमका कुठे झाला? अर्कात अँटिऑक्सिडंट रेणू असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अर्क एकाच द्रवात असतील तर ते दोघे पेशीच्या बाहेरच एकमेकांशी भिडतात आणि पेरॉक्साइड संपतं. पेशीपर्यंत विष पोचलंच नाही, मग पेशी वाचली यात नवल काय? हे टाळायचा उपाय साधा आहे. अर्क देऊन झाला की पेशी धुऊन घ्यायच्या आणि मगच पेरॉक्साइड द्यायचं. पेपरच्या पद्धती विभागात "धुतल्या" हा शब्द आहे का, एवढं तरी बघा. अनेकदा नसतो.

तिसरा प्रश्न रंगाचा. एमटीटी हा पिवळा पदार्थ, जिवंत पेशीतली एन्झाइम्स त्याचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात. जितका जांभळा रंग गडद, तितक्या जिवंत पेशी जास्त, असा हिशोब. पण एमटीटीला जांभळं करायला पेशीच लागते असं नाही. क्षपण करणारा कुठलाही चांगला अँटिऑक्सिडंट ते काम एकटा करू शकतो. म्हणजे पेशी नसलेल्या बशीत नुसता अर्क आणि एमटीटी टाकला तरी जांभळा रंग येऊ शकतो! त्यामुळे "पेशीविना अर्क" असा एक नियंत्रण-नमुना ठेवणं अत्यावश्यक, आणि सोबत एलडीएचसारखी दुसऱ्या तत्त्वावरची चाचणीही. गंमत अशी की अर्क जितका "प्रभावी अँटिऑक्सिडंट", तितकी ही फसगत मोठी.

चौथा प्रश्न वेळेचा. जवळपास सगळीकडे अर्क आधी आणि विष नंतर. खऱ्या आयुष्यात आजी डॉक्टरकडे जाते तेव्हा नुकसान सुरू होऊन बरीच वर्षं झालेली असतात. आधी औषध देऊन मिळालेला निकाल नंतर औषध देण्याला लागू होईलच असं नाही.

बशीपासून मेंदूपर्यंत

आता थोडं गणित करू. बशीत अर्काचं प्रमाण साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर वगैरे असतं. आपल्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त. तेवढं प्रमाण रक्तात यायला ५०० मिलिग्रॅम अर्क लागेल. तुम्ही म्हणाल, मग काय, एका कॅप्सूलमध्ये तेवढा असतोच की! पण हे तेव्हाच, जेव्हा कॅप्सूलमधला कण न् कण न पचता, यकृतात न बदलता, एकाच क्षणी रक्तात उतरेल आणि इतर कुठल्याही ऊतीत जाणार नाही. असं कधीच होत नाही. शिवाय त्यानंतर रक्त-मेंदू अडसर आहेच.

अळंबीच्या अर्कातला मोठा वाटा बीटा-ग्लुकानसारख्या बहुशर्करांचा. हे रेणू इतके मोठे की ते अख्खे मेंदूत शिरण्याची शक्यता नाही. यावर उत्तर मिळतं की ते आतड्यातल्या जिवाणूंमार्फत किंवा रोगप्रतिकारशक्तीमार्फत काम करत असतील. असेलही! पण मग चेतापेशींवर थेट अर्क ओतून केलेला प्रयोग कशाचा पुरावा? आतड्यामार्फत काम होतं असं म्हणायचं असेल तर प्रयोगही आतडं असलेल्या प्राण्यात हवा. दोन्ही बाजूंनी खेळता येत नाही.

लायन्स मेनमध्ये एरिनासिन ए हा छोटा रेणू उंदरांच्या मेंदूत पोचतो असं दिसलंय, ही त्याची जमेची बाजू. पण हेरिसेनोन्सची गोष्ट वेगळी झाली. २००८ मध्ये मोरी आणि सहकाऱ्यांनी मानवी ॲस्ट्रोसायटोमा पेशींवर पाहिलं तेव्हा लायन्स मेनच्या अर्काने एनजीएफचं जनुक जागं झालं, मात्र शुद्ध हेरिसेनोन सी, डी आणि ई यांनी झालं नाही. म्हणजे ज्या रेणूंच्या नावावर जाहिरात चालते, त्यांनीच या परीक्षेत हात वर केले. अर्कात दुसरंच काहीतरी काम करत होतं. हा निकाल डबीवर कुठे दिसणार नाही.

माणसांवरचे प्रयोग: तीस जण आणि सोळा आठवडे

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा मानवी प्रयोग २००९ चा, जपानमधला. ५० ते ८० वयाचे, सौम्य स्मृतिदोष असलेले ३० जण. अर्ध्यांना लायन्स मेनच्या गोळ्या, अर्ध्यांना प्लॅसिबो. दिवसाला तीन वेळा प्रत्येकी चार गोळ्या, एकूण सुमारे ३ ग्रॅम. १६ आठवडे. अळंबी गटाचे गुण ८, १२ आणि १६ व्या आठवड्यात प्लॅसिबोपेक्षा जास्त वाढले. गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत फरक घटला.

चांगल्या गोष्टी आधी सांगतो. प्रयोग दुहेरी अंध होता, प्लॅसिबो होता, आणि गोळ्या थांबवल्यावर काय होतं तेही पाहिलं. एवढी शिस्त या विषयात दुर्मीळ आहे.

आता कमकुवत बाजू. प्रत्येक गटात जेमतेम पंधरा जण. मोजमाप एकाच प्रश्नावलीचं, ३० गुणांच्या हासेगावा स्केलचं, आणि निवडलेल्या लोकांचे गुण सुरुवातीला २२ ते २५ होते. वरती जागाच थोडी. तीच प्रश्नावली पुन्हा पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात, प्लॅसिबो गटाचेही. मेंदूचं स्कॅनिंग नाही, एनजीएफचं मापन नाही. म्हणजे "पेशी वाचल्या" हे या प्रयोगात कुणी पाहिलेलंच नाही, पाहिले ते प्रश्नावलीचे गुण. आणि संशोधक होते अळंबी पिकवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणीतरी, मोठ्या गटावर, तो पुन्हा मिळवून दाखवायला हवा अशी अपेक्षा नक्की वाढते.

आणखी एक बारकावा. त्या गोळ्या अर्काच्या नव्हत्या. ९६ टक्के वाळवलेल्या अख्ख्या अळंबीची पावडर होती ती. आज "अर्क" विकणारे याच प्रयोगाचा दाखला देतात. हे म्हणजे ज्वारीच्या भाकरीवरचा अभ्यास दाखवून ज्वारीचा स्टार्च विकण्यासारखं झालं.

२०२० मध्ये तैवानमधून सौम्य अल्झायमरच्या रुग्णांवर ४९ आठवड्यांचा प्रयोग आला, तो एरिनासिन ए वाढवलेल्या मायसेलियमचा. तोही छोटाच. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये १८ ते ४५ वयाच्या ४१ निरोगी लोकांना १.८ ग्रॅम लायन्स मेन दिलं; एका तासाने एका चाचणीत वेग थोडा वाढला, बाकी बहुतेक चाचण्यांत फरक नाही. निरोगी तरुणाचा वेग आणि आजारी मेंदूतल्या पेशींचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडक्यात, प्राथमिक आणि आशादायक पुरावा आहे, पण उपचार म्हणण्याइतका अजिबात नाही.

डबीत नेमकं काय आहे?

समजा प्रयोग उत्तम आहे असं धरलं, तरी डबीत तीच अळंबी आहे का? २०१७ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या "गॅनोडर्मा ल्युसिडम"च्या १९ उत्पादनांची रासायनिक तपासणी झाली. लेबलप्रमाणे खरी निघाली फक्त ५.

कारणं दोन. बरंच उत्पादन धान्यावर वाढवलेल्या मायसेलियमचं असतं. धागे आणि धान्य वेगळे करता येत नाहीत, म्हणून सगळंच दळतात. म्हणजे पैसे अळंबीचे आणि मिळतं बरंचसं धान्याचं पीठ. दुसरं कारण नावाचं. गॅनोडर्मा ल्युसिडम या जातीचं मूळ वर्णन इंग्लंडमधल्या नमुन्यावरून झालं. चीनमधली प्रसिद्ध लिंगझी ही वेगळी जात असल्याचं मांडून २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव दिलं गेलं. आणि आपल्याकडे गुलमोहराच्या बुंध्यावर जो चकचकीत तांबूस गॅनोडर्मा दिसतो, त्याला डोळे झाकून "ल्युसिडम" म्हणायची पद्धत पडलीय. डीएनए तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. जातच चुकली तर पुढचा सगळा पेपर भलत्याच बुरशीचा.

"हजारो वर्षांची परंपरा"

हा मुद्दा हमखास येतो. लायन्स मेनची परंपरा चीन-जपानची. आपली स्वतःची औषधी अळंबी परंपरा आहे की, आणि ती फार रोचक आहे. कोकण-गोव्याकडे फणसाच्या झाडावर वाढणारी, लाकडासारखी टणक फेलिनस बुरशी "फणसोंबा" म्हणून वापरात आहे. पुणे विद्यापीठातले बुरशीतज्ज्ञ जे. जी. वैद्य यांनी १९९३ मध्ये सहलेखकासह यावर लिहिलं. पण वापर कशाला? सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायला, लहान मुलांची लाळ जास्त गळते त्यावर. मेंदूचा त्यात उल्लेख नाही. परंपरेचा दाखला द्यायचा तर परंपरा जे म्हणते तेच म्हणावं. तोंडाच्या औषधाची पुण्याई स्मरणशक्तीच्या कॅप्सूलला लावू नये.

सांगलीला हा धडा आधीच माहीत आहे

सांगलीची हळद जगात जाते, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीतल्या कुरकुमीनचा प्रवास आठवा. तोही बशीत सगळं बरं करायचा, अल्झायमरसकट. हजारो पेपर झाले. मग २०१२ मध्ये अल्झायमरच्या ३६ रुग्णांवर २४ आठवड्यांच्या प्रयोगाचा निकाल आला, रोज २ किंवा ४ ग्रॅम देऊन. फायदा दिसला नाही, कारण रक्तात कुरकुमीन पोचलंच अत्यल्प. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्याने दाखवलं की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही आणि चाचण्यांमध्ये स्वतःच ढवळाढवळ करून खोटे होकार देतो. १२० पेक्षा जास्त मानवी प्रयोगांनंतरही ठोस यश नाही.

म्हणून हळद वाईट ठरली का? अजिबात नाही. फोडणीत ती हवीच. पण बशीतल्या होकारावर वीस वर्षं आणि प्रचंड पैसा गेला, आणि अळंबीचं संशोधन आज त्याच रस्त्यावर, त्याच चाचण्या घेऊन चाललंय. एमटीटीचा जांभळा रंग तिथेही होता, इथेही आहे.

साताऱ्या-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी

आपल्या भागात हा विषय का निवडला जातो ते मला कळतं. पावसाळ्यात महाबळेश्वर, कोयना, चांदोलीच्या पट्ट्यात बुरशींची जत्रा असते. अँटिऑक्सिडंट चाचण्या स्वस्तात होतात. आणि "मेंदू" हा शब्द शीर्षकात आला की पेपर मोठा वाटतो. पण थोडं जास्त कष्ट घेतले तर हेच काम टिकाऊ होईल. नमुन्याचा डीएनए बारकोड करा. नमुना आणि कल्चर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संग्रहात जमा करा. साताऱ्याहून पुणे काही लांब नाही. पेशीविना नियंत्रण-नमुना ठेवा, पेशी धुवा, दोन वेगळ्या तत्त्वांच्या चाचण्या करा. आणि काहीच परिणाम दिसला नाही तर तेही लिहा. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही युजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, मग घाईचं निदान एक कारण तरी कमी झालंय. सह्याद्रीतल्या फेलिनसच्या जाती नीट ओळखून लिहिलेला एक साधा पेपर मला "चेतासंरक्षक" शीर्षकाच्या दहा पेपरांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि घरच्यांसाठी

भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण विसरायला होणं म्हणजे दर वेळी अल्झायमर नसतो. बी१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, डोक्याला लागून साचलेलं रक्त, ही कारणं वेळेत सापडली तर बऱ्याचदा सुधारणा होते. शाकाहारी घरांत बी१२ कडे तर लक्ष हवंच. कॅप्सूलचा सगळ्यात मोठा तोटा हाच की चार महिने "बघू या फरक पडतो का" म्हणत जातात आणि साधी रक्ततपासणी राहून जाते. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यात रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, दृष्टी, तंबाखू, एकटेपणा हे सगळं आहे. आजोबांना श्रवणयंत्र घेऊन देणं हा कॅप्सूलपेक्षा भक्कम पुराव्याचा खर्च आहे.

कुणी अळंबीची पूरकं घेतच असेल तर डॉक्टरांना सांगा, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर. गॅनोडर्माच्या पावडरीनंतर यकृताला इजा झाल्याचे काही रुग्ण-अहवालही आहेत. आणि चालू औषधं स्वतःहून थांबवू नका. आपल्या देशात अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला आजार बरा करण्याचा दावा करायला कायद्याने परवानगी नाही. डबीवर तसा दावा दिसला तर तोच धोक्याचा इशारा समजा.

मग अळंबी खायचीच नाही का? खुशाल खा! सिंगापूरमध्ये साठीपुढच्या ६६३ लोकांच्या पाहणीत आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा अळंबी खाणाऱ्यांत सौम्य स्मृतिदोषाची शक्यता जवळपास निम्मी दिसली. यातून कारण सिद्ध होत नाही. कदाचित चांगलं जेवणारे लोकच अळंबीही खात असतील. पण त्यांच्या ताटात साधी स्वयंपाकातली अळंबी होती, कॅप्सूल नव्हती. आपल्याकडे सोयाबीनच्या काडावर पिकणारी धिंगरी बाजारात मिळते. तिची भाजी करा, प्रथिनंही मिळतील. रानातली मात्र ओळख असल्याशिवाय उचलू नका.

तुमच्याकडे या विषयावरचा एखादा पेपर किंवा डबीवरचा मजकूर असेल तर जरूर पाठवा, सोबत बसून वाचू. पुढच्या वेळी एमटीटीसारख्या चाचण्यांचे नियंत्रण-नमुने कसे आखायचे ते आकृत्यांसह लिहितो.